सहावी चाल कुठे गेली? बुद्धिबळाचे छोटे व्हिडिओ संशोधकाच्या नजरेने

‘समोरच्याने डी४ खेळलं की हे करा, आठ चालींत मात!’ या धर्तीचा एखादा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. चाळीस-पन्नास सेकंद, मागे दणदणीत संगीत, सोंगट्या सरासर सरकतात, शेवटी पांढरा राजा लाल चौकोनात. तुम्ही बुद्धिबळ खेळत नसाल तरी हा लेख वाचा. पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिसला विषय शोधणाऱ्या माणसाला या पन्नास सेकंदांत शिकण्यासारखं बरंच आहे. ते व्हिडिओवाल्याने मात सांगितलेलं नाही.

आधी डाव बघू. व म्हणजे वजीर, घो म्हणजे घोडा, उ म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती. नुसतं घराचं नाव असेल तर चाल प्याद्याची. १. डी४ ई५ २. डी×ई५ घो-सी६ ३. घो-एफ३ व-ई७ ४. उ-एफ४ व-बी४ शह ५. उ-डी२ व×बी२ ६. उ-सी३ उ-बी४ ७. व-डी२ उ×सी३ ८. व×सी३ व-सी१ मात. याला एन्ग्लुंड गॅम्बिट म्हणतात. पट मांडून एकदा हाताने खेळून बघा. मात खरी आहे, कुठेही खोट नाही. पांढऱ्याचा हत्ती स्वतःच्याच घोड्यामागे अडकलेला, वजीर सी३ वर जाऊन निरुपयोगी झालेला, आणि काळा वजीर मागच्या ओळीत शिरलेला. बघायला मजा येते हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता पांढऱ्याची सहावी चाल बघा. उ-सी३ ही घोडचूक आहे. त्या जागी पांढऱ्याने ६. घो-सी३ खेळलं तर? मग उ-बी४ ७. ह-बी१ व-ए३ ८. ह-बी३ व-ए५. इथे थांबून मोजा. प्यादी दोन्हीकडे सारखी. पण पांढऱ्याचे दोन घोडे, एक उंट आणि एक हत्ती मैदानात उतरलेत, आणि काळ्याने आठपैकी पाच चाली एकट्या वजिराला इकडून तिकडे पळवण्यात घालवल्यात. काळ्याची बाजू सरळ वाईट आहे. बुद्धिबळाच्या पुस्तकांत एन्ग्लुंडला मान नाही तो यामुळे.

म्हणजे या संपूर्ण ओपनिंगबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती सहाव्या चालीत आहे, आणि व्हिडिओत नेमकी तीच कापलेली असते. ‘समोरचा इथे चुकतो’ एवढं म्हणून गाडी पुढे जाते. का चुकतो, चुकला नाही तर काय, किती जण चुकतात, यावर अवाक्षर नाही.

माझी तक्रार लांबीबद्दल नाही, हे इथेच स्पष्ट केलेलं बरं. पन्नास सेकंदांत ‘६. घो-सी३ आलं तर तुमचं काही खरं नाही’ हे वाक्य सहज बसतं, त्याला तीन सेकंदही लागत नाहीत. पाठांतराबद्दलही माझी तक्रार नाही. आपल्याकडे पाठांतराला नावं ठेवण्याची एक फॅशन आहे, आणि ती ठेवणारे बरेचदा पाढे पाठ असलेले असतात. तक्रार आहे ती समोरच्या खेळाडूला गायब करण्याबद्दल. बुद्धिबळ दोघांचा खेळ आहे. या व्हिडिओंत एकच जण खेळतो, दुसरा फक्त सोंगट्या पुरवतो.

आकड्यांकडे येऊ. अशा व्हिडिओंत ‘बहुतेक जण या सापळ्यात पडतात’ असं ठोकून दिलेलं असतं. संशोधनाच्या तयारीत असलेल्या माणसाने इथे एकच गोष्ट विचारायची: कशाच्या बहुतेक? भाजक काय? काळ्याला ही मात मिळायला पांढऱ्याने आधी डी४ खेळायला हवं; कितीतरी जण ई४ खेळतात, तिथेच विषय संपला. मग त्याने ते प्यादं मारायला हवं. मग चौथ्या चालीला उ-एफ४ खेळायला हवं. मग सहाव्या चालीला चुकायला हवं. समजा, केवळ हिशेबासाठी समजा, की शेवटच्या तीन फाट्यांवर दर वेळी निम्मेच लोक आपल्याला हव्या त्या वाटेने जातात. निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे: आठात एक डाव. उरलेल्या सात डावांत काय होतं ते कुठल्याच व्हिडिओत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच डावांत काळा एक प्यादं गमावून, वजीर उघड्यावर आणून बसलेला असतो. पण आठवणीत राहतो तो एक डाव. त्याचाच स्क्रीनशॉट स्टेटसला लागतो.

हे गणित काल्पनिक आहे. खरं गणित तुम्ही स्वतः करू शकता. लिचेस या मोफत संकेतस्थळावर ओपनिंग एक्सप्लोरर नावाची सोय आहे. एखादी स्थिती मांडली की तिथून पुढे लोकांनी काय काय खेळलं, किती डाव पांढऱ्याने जिंकले, किती काळ्याने, किती बरोबरीत सुटले, हे दिसतं. खेळाडूंच्या रेटिंगची आणि वेळेच्या प्रकाराची चाळणी लावता येते. एन्ग्लुंडची पाचव्या चालीनंतरची स्थिती मांडा. एकदा खालच्या रेटिंगची चाळणी लावा, एकदा वरच्या. तीन मिनिटांचे डाव वेगळे काढा, लांब डाव वेगळे. दहा मिनिटांचं काम आहे. व्हिडिओतला दावा कुणासाठी खरा आहे आणि कुणासाठी नाही, हे तुम्हाला तिथे कळेल, आणि ‘व्याप्ती व मर्यादा’ हे सिनॉप्सिसमधलं प्रकरण नेमकं कशासाठी असतं तेही.

कारण दावा सरसकट खोटा नाही. खालच्या पातळीवर, घाईच्या डावात सापळे चालतात. स्टॅफर्ड गॅम्बिट हे दुसरं उदाहरण: १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-एफ६ ३. घो×ई५ घो-सी६. एरिक रोझेन या अमेरिकन इंटरनॅशनल मास्टरने आपल्या प्रक्षेपणांतून तो लोकप्रिय केला. पूर्ण डाव बघितले तर कळतं की हा माणूस समोरच्याच्या प्रत्येक चालीवर मोठ्याने विचार करतोय. त्याच डावांचे कोणीतरी कापलेले तुकडे जेव्हा आपल्यापर्यंत येतात तेव्हा विचार गळालेला असतो आणि मात तेवढी उरते. शोधनिबंधाचा निष्कर्ष बातमीत येताना असंच होतं. निबंधात ‘या नमुन्यापुरतं’ लिहिलेलं असतं, बातमीत ‘संशोधनातून सिद्ध’.

आर्णीचा माझा एक मावसभाऊ अकरावीत आहे. पोट्टं हुशार आहे, फोनवर रोज खेळतं. त्याला मी विचारलं, तिसऱ्या चालीला वजीर ई७ वर का जातो रे? तो म्हणाला, ‘दादा, तिथंच जातो ना तो.’ मला हे उत्तर फार आवडलं. त्याच्या दृष्टीने ते पूर्ण उत्तर होतं. वजीर ई७ वर जाऊन ई५ च्या प्याद्यावर नजर ठेवतो आणि बी४ ची वाट मोकळी करतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन वाक्यांत सांगितल्यावर त्याला लगेच कळलं आणि त्याने आपणहून विचारलं, ‘मग पांढऱ्यानं उंट काढलाच नाही तर?’ एवढाच प्रश्न व्हिडिओने त्याच्याकडून हिरावून घेतला होता.

आता मानसशास्त्राने यावर काय म्हटलंय ते. बुद्धिबळ हा स्मरणशक्तीच्या संशोधकांचा फार जुना आणि लाडका विषय. एड्रियन डी ग्रूट हा डच मानसशास्त्रज्ञ. त्याचा १९४६ चा डॉक्टरेटचा प्रबंधच मुळी बुद्धिबळपटू विचार कसा करतात यावर होता. अलेखाइन, केरेस, यूव्हे अशा खेळाडूंना त्याने पट दाखवून मोठ्याने विचार करायला लावला. अपेक्षा अशी की श्रेष्ठ खेळाडू फार खोलवर चाली मोजत असतील. तसा मोठा फरक त्याला सापडला नाही. फरक होता तो नजरेत: चांगली चाल त्यांना लवकर दिसायची. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी तोच धागा पकडला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर मास्टरला ती भराभर आठवून मांडता येते; त्याच सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या तर त्याचा हा फायदा जवळपास नाहीसा होतो. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नसते. त्याला सोंगट्यांचे अर्थपूर्ण गट दिसतात.

जाता जाता एक गोष्ट. जगभर उद्धृत होणाऱ्या या अभ्यासात खेळाडू किती होते? तीन. एक मास्टर, एक मधल्या पातळीचा आणि एक नवशिका. ‘सर, माझा नमुना किमान तीनशेचा पाहिजे ना?’ म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि लगेच हेही की फर्नान्ड गोबे आणि सायमन यांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले तेव्हा विस्कटलेल्या पटावरही मास्टरांना थोडा फायदा असतोच, असं दिसलं. तीन माणसांवरून तो बारीक फरक पकडता आला नव्हता.

आपल्या प्रश्नाला याचा उपयोग असा. व्हिडिओ बघून लक्षात राहते ती साखळी: हे, मग हे, मग हे. मास्टरच्या डोक्यात असतात ते गट आणि त्यांना जोडलेले बेत. साखळीची एक कडी समोरच्याने बदलली की पुढच्या सगळ्या कड्या निकामी. गटाचं तसं नाही, तो थोडा बदलला तरी ओळखू येतो. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लॉड आणि गोबे यांचा २००९ चा एक अभ्यास इथे वाचण्यासारखा आहे. त्यांनी फ्रेंच डिफेन्स खेळणारे आणि सिसिलियन खेळणारे खेळाडू घेतले आणि त्यांना दोन्ही प्रकारच्या स्थिती सोडवायला दिल्या. आपल्या ओपनिंगमधून आलेल्या स्थितीत खेळाडू स्वतःपेक्षा सुमारे २०० रेटिंग वरच्या खेळाडूसारखे वागले. म्हणजे ओपनिंगचं ज्ञान खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. ‘ओपनिंग सोडा, नुसती कोडी सोडवा’ असं जे सांगितलं जातं त्यालाही म्हणून मी पूर्ण मान डोलावणार नाही. पण या खेळाडूंचं ज्ञान वर्षानुवर्षं एकाच ओपनिंगचे शेकडो डाव खेळून, हरून आलेलं होतं.

आणि बघण्याचं काय? २०१८ मध्ये मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांचा एक शोधनिबंध ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ मध्ये आला. ताटं-पेले न सांडता खालचं टेबलक्लॉथ झटक्यात ओढायची ती युक्ती माहीत आहे ना? तिचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना आपल्याला हे जमेल असं जास्त वाटू लागलं. मग डार्ट फेकणं, मूनवॉक अशी कामं घेऊन लोकांना प्रत्यक्ष करायला लावलं. जास्त वेळा बघितलेल्यांचा आत्मविश्वास वाढलेला, कामगिरी होती तिथेच. एका प्रयोगात जगलिंगचा व्हिडिओ बघितल्यावर काहींना ती जड साधनं क्षणभर फक्त हातात धरायला दिली. तेवढ्यानेच त्यांचा फाजील अंदाज खाली आला.

हा निबंध मी आपल्या बाजूने खिशात घालणार होतो, इतका तो चपखल बसतो. तिथेच सावध व्हायचं. टेबलक्लॉथ ओढणं, डार्ट फेकणं ही हाताची, शरीराची कामं. एन्ग्लुंडमध्ये हाताचं कसब काहीच नाही. चाल माहीत असली की ती करता येते. मग हा निष्कर्ष इथे लागू होतो का? माझं मत: निम्मा. चाली आठवण्यापुरता व्हिडिओ खरंच पुरेसा असतो, त्यात भ्रम नाही. भ्रम आहे तो चाली आठवणं म्हणजे ओपनिंग येणं असं वाटण्यात. आणि ते मोजायचं असेल तर वेगळा प्रयोग लागेल. व्हिडिओ दाखवा, मग ‘समोरचा वेगळं खेळला तर तुम्हाला जमेल का’ असा अंदाज घ्या, आणि मग खरोखर वेगळं खेळा. दुसऱ्याचा निष्कर्ष आपल्या विषयावर जसाच्या तसा चिकटवण्याची सवय ‘संदर्भ साहित्याचा आढावा’ लिहिताना सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात उशिरा सुटते.

व्हिडिओ संपल्यावर लगेच सगळं येतंय असं वाटतं, त्याचाही खुलासा आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. छोट्या व्हिडिओचं सगळं जग त्या पहिल्या पाच मिनिटांत राहतं. नेटच्या तयारीसाठी दीड पट वेगाने तीच ती लेक्चरं बघणाऱ्या मित्रांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

चालींमागे कारण असतं म्हणजे काय, त्याचं आपल्याच मातीतलं एक उदाहरण देतो. जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. दोन घरांची उडी युरोपातल्या पद्धतीतली. १८५० च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बंदोपाध्याय नावाचे खेळाडू जॉन कॉक्रन या बॅरिस्टरशी पुष्कळ डाव खेळले. देशी पद्धतीत मुरलेला माणूस. तो मधली घरं प्याद्यांनी लगेच व्यापायच्या भानगडीत पडायचा नाही. घोडा एफ६ वर, जी चं प्यादं एक घर, उंट जी७ वर, आणि मग दुरून मध्यावर मारा. आज ‘किंग्ज इंडियन’ वगैरे नावांतलं ‘इंडियन’ या डावांशी जोडलं जातं. एक-एक घर सरकणाऱ्या प्याद्यांच्या सवयीतून ओपनिंगांचं एक अख्खं घराणं समजतं. किंग्ज इंडियनच्या पहिल्या पाच चाली मी तुम्हाला दहा सेकंदांत पाठ करून देऊ शकतो, पण मध्य समोरच्याला देऊन टाकण्यात काय शहाणपण आहे हे त्यात येणार नाही, आणि ते नसेल तर सहाव्या चालीला तुम्ही गोंधळणार.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, दादा, मुलांनी मग करायचं काय? प्रश्न रास्त आहे आणि त्यावर नाक मुरडून चालणार नाही. आपल्या विदर्भाने अलीकडे जे दिलंय ते थोडं नाही. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या देशमुख, तिघेही ग्रँडमास्टर नागपूरचे. दिव्याने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि तिथेच ग्रँडमास्टर झाली. पण यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, झरी जामणीहून किंवा उमरखेडहून त्याहून लांब. शिकवणीची फी, एसटीचं भाडं, स्पर्धेची प्रवेश फी, मुक्काम. ज्या घरात कापसाचा भाव ठरवतो की यंदा मुलीचा वसतिगृहाचा खर्च कसा भागवायचा, तिथे बुद्धिबळाचा प्रशिक्षक कुठून येणार? त्या मुलासाठी फुकटचा व्हिडिओ हाच गुरुजी आहे. पुण्या-मुंबईत प्रशिक्षकाकडे जाणारा मुलगा तोच व्हिडिओ चकणा म्हणून बघतो. सहावी चाल त्याला शनिवारी सर सांगतात. आपल्या मुलाला ती सांगायला कोणी नाही. कापलेल्या चालीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि मला या व्हिडिओंवर टीका करावीशी वाटते ती एवढ्यासाठी. त्यातून हे बहुतेक सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. प्यादं, उंट, वजीर हे आपले शब्द सोडून पोरं ‘पॉन’ आणि ‘बिशप’ म्हणायला शिकली, त्याचं मला फारसं दुःख नाही. ‘का’ हा प्रश्न मराठीत विचारायची सोय राहिली नाही, त्याचं आहे.

ओपनिंगवरच सगळं ठरतं हा समज तर सगळ्यात वरच्या पातळीवरही टिकत नाही. २०२४ ची जगज्जेतेपदाची लढत आठवा, सिंगापूरची. पहिल्या डावात गुकेशची तयारी चांगली होती, सुरुवातीला घड्याळावर तो डिंग लिरेनच्या पुढे होता, डाव हरला. आणि १२ डिसेंबरला चौदाव्या डावात जगज्जेतेपद ठरलं ते डिंगच्या ५५ व्या चालीवर, हत्ती एफ२. बरोबरीकडे चाललेला शेवटचा टप्पा, पटावर मोजक्या सोंगट्या, आणि एक चूक. ५५ व्या चालीचे छोटे व्हिडिओही निघाले म्हणा, पण ‘हे पाठ करा आणि जगज्जेते व्हा’ असं त्यात कोणाला म्हणता आलं नाही.

शेवटी विषयाकडे. तुमच्यापैकी काही जण मला सारखे विचारता की ‘छोट्या व्हिडिओंचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम: यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास’ असा विषय घेऊ का. प्रश्नावली छापायची, पाच महाविद्यालयांत वाटायची, टक्केवारी काढायची. मार्गदर्शक कदाचित होकारही देतील. पण ‘तुम्हाला व्हिडिओमुळे समजतं का?’ याला सगळे ‘होय’ म्हणणार. कार्डस आणि ओब्रायनच्या टेबलक्लॉथवाल्यांनीही तेच म्हटलं असतं. त्यापेक्षा बुद्धिबळाचा विषय घ्या, कारण इथे माणूस काय म्हणतो हे विचारावं लागत नाही, तो काय खेळला हे नोंदलेलं असतं.

लिचेस आपले सगळे रेटेड डाव महिन्यागणिक फाइल करून जाहीर करतं, जानेवारी २०१३ पासून, कोणालाही वापरायला मोकळे. त्या पहिल्या महिन्यात १,२१,३३२ डाव आहेत. साध्या लॅपटॉपवर उघडतात. अलीकडच्या एकेका महिन्यात कोट्यवधी आहेत, ते उघडायला लॅपटॉप रडेल. पहिला मोह होईल तो असा: एन्ग्लुंड खेळणाऱ्यांचं प्रमाण २०२० आधी आणि नंतर मोजू, वाढलं असेल तर श्रेय छोट्या व्हिडिओंना. करू नका. २०२० मध्ये काय काय झालं ते मांडून बघा. मार्चमध्ये टाळेबंदी. समय रैनाचे बुद्धिबळाचे थेट कार्यक्रम. जूनअखेर टिकटॉकवर बंदी, जुलैत इन्स्टाग्राम रील्स. ऑगस्टमध्ये ऑनलाइन ऑलिम्पियाडचं भारत-रशियाला विभागून सुवर्ण. सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सची सुरुवात, तीही भारतातून. ऑक्टोबरमध्ये ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका. एवढ्या गर्दीतून एकाचा परिणाम वेगळा काढणं आलेखाला जमत नाही.

दुसरी वाट जास्त बरी. एप्रिल २०१७ पासूनच्या फाइलींत प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला तेही आहे. आता एन्ग्लुंडचे असे डाव निवडा ज्यांत पांढऱ्याने सहाव्या चालीला घो-सी३ खेळलं. काळ्याने पहिल्या पाच चालींना किती सेकंद घेतले आणि सहाव्या चालीला किती, बघा. साखळी पाठ असेल तर पाच चाली झरझर येतील आणि सहावीला घड्याळ अडकेल. तुलनेला ते डाव घ्या ज्यांत पांढरा चुकला. रेटिंगनुसार वेगळे करा, तीन मिनिटांचे आणि दहा मिनिटांचे डाव एकत्र कालवू नका, आणि एकाच खेळाडूचे दोनशे डाव नमुन्यात शिरले नाहीत ना ते तपासा.

परीक्षक तरीही पकडतील. थांबला म्हणजे समजलं नाही कशावरून? विचार करणाराही थांबतो. त्यासाठी सेकंदांबरोबर चालही बघावी लागेल: थांबून काळ्याने उ-बी४ शोधलं, की सापळा बसलाच आहे अशा थाटात दुसरंच काही ढकललं. आणि तो मुलगा पुढच्या महिन्यात पुन्हा एन्ग्लुंड खेळला का, पुन्हा घो-सी३ आलं तेव्हा किती सेकंद थांबला, हे त्याच खेळाडूच्या नावाने पुढच्या फाइलीत सापडेल.